साल्साची बरणी आणि आंबटाचे माप

पिकलेले टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, लसूण, लिंबाचा रस आणि मीठ एवढ्या जिनसांतून मेक्सिकोचा साल्सा तयार होतो. कच्चा, नुसता चिरून कालवलेला साल्सा म्हणजे जवळजवळ आपली कोशिंबीरच. तो केला की एक-दोन दिवसांत संपवायचा. शिजवून बरणीत भरलेला आणि झाकण हवाबंद केलेला साल्सा मात्र फडताळात वर्षभर राहतो. अमेरिकेत परसबागेत टोमॅटो लावणारी असंख्य कुटुंबे ऑगस्ट-सप्टेंबरात हे काम करतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या परसातही टोमॅटो, मिरच्या आणि कोथिंबीर असते, आणि उन्हाळा सरता सरता एकदम पिकलेल्या टोमॅटोंचे करायचे काय, हा प्रश्न त्यांनाही पडतो. बरणीतला साल्सा हे त्याचे एक चांगले उत्तर आहे. फक्त या कामाची मेख नीट समजून घ्यावी लागते. हा साल्सा टिकतो तो मिठामुळे किंवा तिखटामुळे नव्हे, नुसत्या उकळण्यामुळेही नव्हे. तो टिकतो त्यातल्या आंबटामुळे. म्हणूनच मुरलेल्या हाताचा अंदाजही इथे कामाचा नाही, माप लागते.

मेक्सिकोचा पदार्थ, अमेरिकेची बरणी

टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडाची पिके. स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोहोचण्याआधीपासून तिथले लोक ती दगडी खलात वाटून त्यांचे तोंडीलावणे करत. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेला स्पॅनिश धर्मोपदेशक बर्नार्दिनो द साआगून याने तिथल्या बाजारात मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बियांची तोंडीलावणी विकणाऱ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे हीच मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात डेव्हिड पेस याने १९४७ साली बाटलीबंद साल्सा विकायला सुरुवात केली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साल्साच्या विक्रीची रक्कम टोमॅटो केचपच्याही पुढे गेली.

बरणीत अन्न टिकवण्याची पद्धत फ्रान्सची. निकोला आपेर या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि अन्न टिकते हे दाखवून दिले. त्याबद्दल फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले आणि १८१० साली त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अन्न टिकते ते सूक्ष्मजीव मरतात म्हणून, हे लुई पाश्चरच्या संशोधनातून कळायला मात्र आणखी पन्नास वर्षे गेली. १८५८ साली अमेरिकेत जॉन लँडिस मेसन याने तोंडाला आटे असलेल्या काचेच्या बरणीचे पेटंट घेतले. आजही तिथे अशा बरणीला मेसन जार असेच म्हणतात.

टोमॅटोचे तर या इतिहासात खास स्थान आहे. १९१० साली साउथ कॅरोलिनातल्या एकन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीने एक दशांश एकरात टोमॅटो लावायचे, ते डबाबंद करायचे आणि विकून स्वतःची कमाई करायची, अशी ही योजना होती. ती दक्षिणेकडच्या इतर राज्यांतही पसरली. १९१४ च्या कायद्याने देशभर उभ्या राहिलेल्या कृषी विस्तार सेवेने घरोघरी हवाबंद अन्नाचे शिक्षण देण्याचे काम पुढे चालवले. आजही साल्साच्या तपासलेल्या पाककृती अमेरिकेचे कृषी खाते, राज्यांची विद्यापीठे आणि जॉर्जिया विद्यापीठातले राष्ट्रीय गृह-अन्नसंरक्षण केंद्र यांच्याकडूनच येतात.

आंबट कशासाठी

हवाबंद अन्नातला सर्वांत मोठा धोका म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांना हॅम खाऊन विषबाधा झाली. त्या प्रकरणाचा तपास करताना एमिल व्हॅन अर्मेंगेम या शास्त्रज्ञाने हा जिवाणू शोधून काढला. तो मातीत सर्वत्र असतो, त्यामुळे भाजीबरोबर घरात येतोच. मोकळ्या हवेत तो वाढत नाही. प्राणवायू नाही, ओलावा आहे, आंबटपणा कमी आहे आणि तापमान घरातल्यासारखे आहे, अशा जागी मात्र त्याचे बीजाणू रुजतात आणि अतिशय जहाल विष तयार करतात. हवाबंद बरणीत नेमकी हीच परिस्थिती असते.

या बीजाणूंना उकळत्या पाण्याच्या १०० अंश सेल्सिअसने काही होत नाही. त्यांचा नाश करायला ११६ ते १२१ अंश तापमान लागते, आणि ते फक्त दाबाखाली मिळते. दुसरा मार्ग आंबटपणाचा. आंबटपणा मोजण्याचे माप म्हणजे पीएच. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू जिवंत राहिले तरी रुजत नाहीत आणि विष तयार होत नाही. बुरशी, यीस्ट आणि इतर जिवाणू उकळत्या पाण्याच्या उष्णतेने मरतात. म्हणजे काम दोघांत वाटलेले असते: बॉट्युलिनमला आंबट आवरते, बाकीच्यांना उष्णता. यातले एक जरी कमी पडले तरी बरणी भरवशाची राहत नाही.

मिरची तिखट आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज चुकीचा आहे. १९७७ साली मिशिगन राज्यातल्या पाँटियाक शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या सुमारे ६० जणांना बॉट्युलिनमची विषबाधा झाली. तिचे मूळ नीट न टिकवलेल्या हालापेन्यो मिरच्यांत सापडले. २०१५ साली ओहायो राज्यात चर्चच्या जेवणावळीत २९ जणांना अशीच बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. तिथे बटाटे घरी बरणीबंद करताना दाबाचे भांडे न वापरता नुसत्या उकळत्या पाण्यावर भागवले होते. या विषाला वास नाही, चव नाही. साधारण १२ ते ३६ तासांत एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोलणे अडखळणे, घास गिळता न येणे अशी लक्षणे सुरू होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रोग्याला तातडीने रुग्णालयात नेऊन प्रतिविष द्यावे लागते.

टोमॅटोची निवड

टोमॅटो आंबट आणि अगदी कमी आंबट यांच्या सीमेवर आहे. त्याचा पीएच जातीनुसार, मातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतो, आणि काही टोमॅटो ४.६ ची रेषा ओलांडून पलीकडे जातात. जिभेला हे कळत नाही, कारण साखर जास्त असली की आंबट चव झाकली जाते आणि गोड लागणारा टोमॅटो प्रत्यक्षात पुरेसा आंबट असू शकतो, उलटही घडते. म्हणून अमेरिकेत नुसते टोमॅटो बरणीत भरतानाही पाइंटच्या, म्हणजे ४७३ मिलिलिटरच्या, प्रत्येक बरणीत एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबाचा रस किंवा पाव लहान चमचा लिंबूसत्व घालायला सांगतात.

साल्सासाठी रोमा, सान मार्झानो, अमिश पेस्ट यांसारख्या लांबट, गराच्या जाती उत्तम. त्यांत रस आणि बिया कमी, गर जास्त, त्यामुळे साल्सा दाट होतो. रोमासारख्या बुटक्या झाडांचे टोमॅटो थोड्या दिवसांत एकदम पिकतात. बरणी भरणाऱ्याच्या ते सोयीचे असते. सॅलडसाठी कापायचे मोठे, रसाळ टोमॅटो वापरता येतात, पण साल्सा पातळ होतो. तो दाट करायला मैदा किंवा कॉर्नफ्लोर कधीही घालू नये. पिठाने दाट झालेल्या मिश्रणाच्या मध्यापर्यंत उष्णता वेळेत पोहोचत नाही. टोमॅटो चिरल्यावर सुटलेले थोडे पाणी काढून टाकणे किंवा बरणी उघडल्यावर साल्सा निथळून घेणे हा त्यावरचा सुरक्षित उपाय.

टोमॅटो पिकलेले पण घट्ट हवेत. जास्त पिकून मऊ पडलेले, फुटलेले, बुरशी धरलेले टोमॅटो बाजूला काढावेत. वाळून गेलेल्या किंवा दंवाने मेलेल्या वेलावरचे टोमॅटो बरणीसाठी घेऊ नयेत, कारण त्यांचा आंबटपणा उतरलेला असतो. दंव पडण्याआधी तोडून आणलेले हिरवे टोमॅटो मात्र चालतात. हिरवा टोमॅटो पिकलेल्यापेक्षा जास्तच आंबट असतो.

कांदा-मिरची वाढली की आंबटही वाढवावे लागते

कांदा, मिरची, लसूण आणि कोथिंबीर ही चारही कमी आंबट. त्यांतले जे जितके वाढेल तितका सगळ्या साल्साचा आंबटपणा कमी होतो, आणि तो भरून काढायला लिंबाचा रस वाढवावा लागतो. दोन तपासलेल्या पाककृती शेजारी ठेवल्या की हे गणित स्पष्ट दिसते.

पहिली कृती गराच्या टोमॅटोंची. तिच्यात साल काढून चिरलेले टोमॅटो ७ क्वार्ट, म्हणजे २८ कप. लांब हिरव्या, कमी तिखट मिरच्या ४ कप. कांदा ५ कप. हालापेन्यो अर्धा कप. लसणाच्या ६ पाकळ्या. बाटलीबंद लिंबाचा रस २ कप. मीठ २ मोठे चमचे आणि मिरपूड १ मोठा चमचा. जिरेपूड २ मोठे चमचे, ओरेगानो ३ मोठे चमचे आणि कोथिंबीर २ मोठे चमचे, हे आवडीप्रमाणे. एवढ्यात १६ ते १८ पाइंट बरण्या भरतात.

दुसऱ्या कृतीत साल आणि बिया काढून चिरलेले टोमॅटो फक्त ६ कप, आणि कांदा व मिरच्या मिळून तब्बल ९ कप. कांदा किती आणि कोणती मिरची किती, हे ज्याने त्याने ठरवायचे. बाटलीबंद लिंबाचा रस दीड कप, मीठ ३ लहान चमचे. याच्या सुमारे ६ पाइंट बरण्या होतात.

पहिलीत कांदा-मिरचीचा वाटा एकूण भाज्यांचा चौथा हिस्सा आहे, आणि सुमारे १९ कप भाज्यांना एक कप रस पुरतो. दुसरीत कांदा-मिरची साठ टक्के झाली, तर १० कप भाज्यांनाच एक कप रस लागला. टोमॅटो स्वतः थोडेफार आंबट आणतो, कांदा-मिरची आणत नाही; तो फरक रसाने भरून निघतो. म्हणून दोन कृतींची सरमिसळ करू नये. पहिलीचा रस आणि दुसरीची कांदा-मिरची घेतली तर बरणी दिसायला तशीच दिसेल, पण सुरक्षित राहणार नाही.

कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत, हे याच गणितातून ठरते. कांदा किंवा मिरची कमी केली तर चालते, वाढवलेली चालत नाही. एका मिरचीऐवजी दुसरी घेता येते, पण एकूण माप तेवढेच ठेवायचे: ढोबळी, हालापेन्यो किंवा सेरानो, कपभर मिरचीच्या जागी कपभरच मिरची. लाल, पिवळा, पांढरा, कोणताही कांदा चालतो. मीठ, मिरपूड, जिरेपूड यांसारखे कोरडे मसाले आवडीने कमी-जास्त करता येतात. लिंबाचा रस म्हणून मोठ्या पिवळ्या लिंबाचा किंवा हिरव्या लिंबाचा, कोणताही बाटलीबंद रस घेता येतो. पण ज्या कृतीत लिंबाचा रस सांगितला आहे तिच्यात व्हिनेगर घालू नये. व्हिनेगरपेक्षा लिंबाचा रस जास्त आंबट असतो. आंबट फार वाटले तर चिमूटभर साखर घालावी, रस कमी करू नये. मका, राजमा, आंबा, तेल असे काहीही कृतीबाहेरचे बरणीत घालू नये. घालायचेच तर बरणी उघडल्यावर, वाढताना.

रस बाटलीबंदच का, याचेही कारण मापातच आहे. झाडावरच्या दोन लिंबांचा आंबटपणा सारखा नसतो; बाटलीबंद रसाचा आंबटपणा कारखान्यात एकसारखा राखलेला असतो.

चिरणे आणि शिजवणे

टोमॅटोची साल आधी काढावी लागते, कारण शिजल्यावर ती गुंडाळून दोऱ्यासारखी तोंडात येते. टोमॅटो उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद सोडावेत. साल तडकली की लगेच थंड पाण्यात टाकावेत. मग ती बोटांनी सहज निसटते. देठाचा कठीण भाग काढून टोमॅटो चिरावेत. मिरच्या चिरताना हातमोजे घालावेत, निदान डोळ्यांना हात लावू नये. मिरचीच्या तिखटाचा बराचसा भाग बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो, त्यामुळे बियांबरोबर त्या शिराही काढल्या की तिखटपणा उतरतो. भाज्या मापायच्या त्या चिरून झाल्यावर, आणि कप दाबून न भरता.

पहिल्या कृतीत जिरेपूड, ओरेगानो आणि कोथिंबीर सोडून सगळे जिन्नस मोठ्या पातेल्यात एकत्र करून ढवळत उकळी आणावी आणि मंद आचेवर १० मिनिटे शिजवावे. मग उरलेले मसाले घालून आणखी २० मिनिटे शिजू द्यावे. दुसऱ्या कृतीत उकळी आल्यावर ३ मिनिटे पुरतात. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. कल्हई नसलेले पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियम आंबटाने कळकते आणि चव बिघडते.

बरणी भरणे आणि उकळणे

अमेरिकन बरणीचे झाकण दोन भागांचे असते. एक चपटी चकती, तिच्या कडेला खालून मऊ थर. आणि तिच्यावर बसणारे आट्यांचे कडे. बरणी आणि कडे पुन्हापुन्हा वापरता येते, चकती एकदाच. बरणीचे तोंड टवके उडालेले नसावे. बरण्या स्वच्छ धुऊन गरम पाण्यात ठेवाव्यात, कारण गार काचेत उकळता साल्सा ओतला तर ती तडकते. पाण्यात १० मिनिटांहून जास्त उकळायच्या बरण्या आधी वेगळ्या निर्जंतुक कराव्या लागत नाहीत.

साल्सा उकळता असतानाच नरसाळ्याने बरण्या भराव्यात आणि वर अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी. ही जागा फार कमी ठेवली तर उकळताना साल्सा झाकणाखाली येतो आणि चकती चिकटत नाही. फार जास्त ठेवली तर आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. प्लॅस्टिकचा किंवा लाकडी पातळ उलथना कडेने फिरवून अडकलेले बुडबुडे काढावेत, जागा कमी-जास्त झाली असेल तर ती सारखी करावी. बरणीचे तोंड ओल्या स्वच्छ कागदी रुमालाने पुसावे. मिरचीची एक बी जरी काठावर राहिली तरी झाकण बसत नाही. चकती ठेवून कडे बोटांच्या जोराने लागेल तेवढेच आवळावे. पिळून घट्ट केले तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

खोल पातेल्यात तळाशी जाळी ठेवून तिच्यावर बरण्या उभ्या कराव्यात. झाकणांवर निदान एक-दोन इंच पाणी हवे. पाणी खळखळून उकळू लागले की घड्याळ लावावे, आणि वेळ पुरी होईपर्यंत उकळी मोडू देऊ नये. मोडली तर पाणी पुन्हा उकळल्यावर वेळ पहिल्यापासून मोजावी. वेळ संपल्यावर आच बंद करून पातेल्यावरचे झाकण काढावे, ५ मिनिटे थांबावे आणि बरण्या चिमट्याने सरळ उचलून कापडावर अंतराअंतराने ठेवाव्यात.

उकळताना बरणीतली वाफ आणि हवा चकतीखालून बाहेर पडते. बरणी गार होऊ लागली की आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा चकतीला खाली दाबते. चकतीचा मध्य आत जाताना टिंग असा आवाज येतो. स्वयंपाकघरात एकामागून एक हे आवाज येऊ लागले की काम जमल्याचे कळते.

उंचीप्रमाणे वेळ

समुद्रसपाटीपासून वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहराची उंची सुमारे १,६०० मीटर. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते. पाणी कितीही खळखळले तरी त्याहून तापत नाही, म्हणून उष्णतेची कसर वेळेने भरून काढतात. वरच्या दोन्ही कृतींत पाइंट बरणीला ३०५ मीटर उंचीपर्यंत १५ मिनिटे, तिथून सुमारे १,८३० मीटरपर्यंत २० मिनिटे, आणि त्याच्यावर २५ मिनिटे. महाराष्ट्रात मुंबई आणि कोकणपट्टी पहिल्या गटात बसते. पुणे, नाशिक आणि महाबळेश्वर दुसऱ्यात. क्वार्ट, म्हणजे दुप्पट आकाराच्या बरणीसाठी या कृती तपासलेल्या नाहीत, त्यामुळे मोठ्या बरण्या वापरू नयेत.

कुकरने हे काम लवकर होईल असे वाटणे साहजिक आहे. पण घरगुती कुकर लहान असतो, तो तापतो आणि निवतोही पटकन, आणि शिट्ट्यांवरून बरणीच्या मध्यभागी किती उष्णता किती वेळ पोहोचली हे ठरत नाही. मनाने ठरवलेली, कमी आंबट साल्साची कृती कुकरमध्ये ठेवल्याने सुरक्षित होत नाही.

साठवण आणि उघडणे

बरण्या १२ ते २४ तास हलवू नयेत. मग चकतीचा मध्य बोटाने दाबून पाहावा. तो खाली बसलेला असावा आणि दाबल्यावर वर-खाली होता कामा नये. ज्या बरणीचे झाकण बसले नसेल ती फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी, किंवा नवी चकती लावून २४ तासांच्या आत पुन्हा पूर्ण वेळ उकळावी. झाकण बसलेल्या बरण्यांची कडी काढून, बरण्या धुऊन, पुसून, तारीख लिहून अंधाऱ्या, कोरड्या आणि गार जागी ठेवाव्यात. १० ते २१ अंश तापमान उत्तम. चव आणि रंग वर्षभर चांगले राहतात.

उघडताना आधी बरणी पाहावी. झाकण फुगलेले, साल्सा झिरपलेला, उघडताना फसफसून वर येणारा, बुरशी किंवा विचित्र वास असलेला असेल तर तो चाखूनही न पाहता टाकून द्यावा. पण बॉट्युलिनमचे विष यातली कोणतीही खूण न दाखवता असू शकते, म्हणून खरी काळजी बरणी भरतानाच घ्यायची असते. उघडलेली बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. ताजी कोथिंबीर या वेळी चिरून घातली तर तिचा सुवास शिजवलेल्या कोथिंबिरीपेक्षा कितीतरी चांगला येतो.

महाराष्ट्रात करायचे तर

नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत टोमॅटोची आवक एकदम वाढली की भाव कोसळतो आणि शेतकऱ्यांवर माल रस्त्यावर ओतण्याची वेळ येते. २०२३ च्या जुलैत तोच टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. स्वस्ताईच्या दिवसांत टोमॅटो टिकवून ठेवण्यात घरालाही फायदा आहे. मात्र अमेरिकन कृती इथे उचलताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, आंबट. इथे मिळणारे बरेचसे व्हिनेगर ४ टक्के आम्लतेचे असते, तर अमेरिकन कृती ५ टक्क्यांचे व्हिनेगर धरून लिहिलेल्या असतात. त्यामुळे व्हिनेगरच्या कृतीत मापाप्रमाणे घालूनही आंबट कमी पडते. लिंबाच्या रसाच्या बाटलीवर शुद्ध रस आहे की साखर घातलेले सरबत आहे, हे वाचून घ्यावे. दुसरी, बरणी. जॅम किंवा लोणच्याच्या रिकाम्या बरणीचे एकसंध झाकण एकदा वापरले की पुन्हा खात्रीने हवाबंद होत नाही, आणि शोभेच्या पातळ काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यात तडकतात. दोन भागांची खरी झाकणे मिळत नसतील तर फडताळात ठेवायचा साल्सा करू नये. तिसरी, लोणच्याची सवय. लोणचे भरपूर मीठ, तेल आणि कैरी-लिंबाच्या आंबटावर टिकते, म्हणून ते नुसते झाकण लावूनही वर्ष काढते. साल्सात मीठ चवीपुरतेच असते, तेल नसते. लोणच्यासारखा तो बाहेर ठेवला तर काही दिवसांत आंबून जातो.

यांपैकी काहीही जमत नसेल तरी टोमॅटो वाया जायला नकोत. साल्सा शिजवून, पूर्ण गार करून, वर थोडी जागा सोडून डब्यांत भरावा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावा. गोठलेल्या अन्नात बॉट्युलिनम वाढत नाही, त्यामुळे इथे आंबटाचे माप पाळण्याची गरज उरत नाही. कांदा दुप्पट घाला, लवंगी मिरची वाढवा, हवे तर मका आणि राजमा घाला. वितळल्यावर थोडे पाणी सुटते, ते निथळून घ्यावे किंवा पुन्हा थोडे आटवावे. फ्रीझर नसेल तर दोन-तीन दिवस पुरेल एवढाच साल्सा करून फ्रिजमध्ये ठेवावा. घरच्यासाठी एवढे पुरे आहे; विकण्यासाठी बरण्या भरायच्या असतील तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि प्रत्येक घाण्याचा पीएच यंत्राने मोजून नोंदवून ठेवणेच शहाणपणाचे.